पिळाची उडी : 'बटरफ्लाय ट्विस्ट'चे यंत्रशास्त्र आणि तिच्या सुरक्षित अध्ययनाचा क्रम

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहनृत्य ऐन रंगात आले असता एखादा विद्यार्थी घोळक्यातून पुढे येतो, जमिनीला जवळजवळ समांतर होऊन हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतो आणि एका पायावर उतरतो. हे दृश्य आता अपरिचित राहिलेले नाही. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. परंतु ही उडी त्या विद्यार्थ्याने कोठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या पृष्ठभागावर शिकली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळदा ती मोबाईलवरील चित्रफीत पाहून, वसतिगृहाच्या गच्चीवर किंवा थेट रंगमंचाच्या फरशीवर शिकलेली असते.

प्रस्तुत लेखात अशा उड्यांपैकी 'बटरफ्लाय ट्विस्ट' या एकाच उडीचे विवेचन केले आहे. शरीराच्या उभ्या अक्षाभोवती हवेत घेतलेल्या वळणास येथे 'पीळ' ही संज्ञा योजली आहे आणि डोके खाली जाऊन पुन्हा वर येते त्या क्रियेस 'कोलांटी' म्हटले आहे. पिळाच्या उडीतील मुख्य धोका उंचीपेक्षा दिशाभान हरपण्यातून उद्भवतो. म्हणून ज्या क्रमाने ती शिकली जाते तो क्रम हेच तिचे पहिले संरक्षण ठरते आणि गादी हे दुसरे, असे लेखाचे प्रतिपादन आहे. विषय शारीरिक शिक्षणाचा असला तरी तो त्या एकाच विभागापुरता राहत नाही. गाद्यांच्या खरेदीवर सही प्राचार्यांची असते आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी अनेकदा मराठीच्या वा वाणिज्याच्या प्राध्यापकांकडे आलेली असते.

उडीचे कूळ

'ट्रिकिंग' हा प्रकार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आला. कराटे व तायक्वांदो यांच्या खुल्या स्पर्धांतील प्रात्यक्षिकांत खेळाडू लाथांना हवाई वळणांची जोड देऊ लागले. त्यात चिनी वुशू, ब्राझीलमधील कापोएरा आणि जिम्नॅस्टिक्स यांतील हालचाली मिसळल्या. या प्रकाराला स्वतःचे साधन नाही, पट्टा नाही, बराच काळ नियमपुस्तिकाही नव्हती. त्यामुळे जिम्नॅस्टिक्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षकांकडून शिष्यांकडे गेलेली सावधगिरी येथे आपोआप आली नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

बटरफ्लाय ट्विस्टचे मूळ मात्र स्पष्टपणे वुशूत आहे. वुशूमध्ये धड खाली झोकून, दोन्ही पाय मागून एकापाठोपाठ एक वर फेकीत आडवी झेप घेण्याच्या क्रियेस 'श्वेन-त्झ' म्हणतात. इंग्रजीत तिलाच 'बटरफ्लाय' हे नाव पडले. हवेत पसरलेले हात आणि पाय पाहिले की नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. तिच्यात पीळ मिळविला की 'श्वेन-त्झ ज्वान-ती' ही उडी होते. आंतरराष्ट्रीय वुशू स्पर्धांत ती अवघड हालचालींच्या गटात मोडते. ३६० अंशांचा एक पीळ आणि ७२० अंशांचे दोन पीळ अशी तिची रूपे आहेत. वुशूच्या खेळाडूला गिरकीनंतर ठरावीक पवित्र्यात स्थिर उतरावे लागते, केवळ उतरून भागत नाही. ही अट ट्रिकिंगमध्ये गळून पडली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती शिकवणीपुरती तरी परत आणणे हिताचे आहे.

ट्रिकिंगमधील पिळाच्या उड्यांत ही उडी प्रथम शिकवावी, असे म्हणण्यास एक ठोस कारण आहे. 'बॅक फुल' किंवा 'कॉर्क' या उड्यांत मागची कोलांटी आणि पीळ एकाच वेळी होतात. मधल्या क्षणी डोके थेट जमिनीकडे असते. बटरफ्लाय ट्विस्टमध्ये शरीर फार तर आडवे होते. चूक झाल्यास विद्यार्थी कुशीवर, पोटावर किंवा वाकड्या पायावर पडतो, मानेवर पडण्याची शक्यता तुलनेने कमी असते. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे पुढे येईलच.

हवेतील अर्धा सेकंद

उडी डाव्या बाजूने घेतली आहे असे धरून तिची मांडणी पाहू. विद्यार्थी पाय रुंद ठेवून उभा राहतो. धड कमरेतून वाकवून तो उजवीकडून डावीकडे, खालून अर्धवर्तुळ काढीत झोकतो. या झोकाबरोबर शरीराचा भार उजव्या पायावरून डाव्या पायावर येतो. उजवा पाय मागे व वर फेकला जातो. त्याच वेळी डावा पाय जमिनीला जोराने रेटतो आणि उजव्याच्या मागोमाग वर जातो. क्षणभर छाती व टाचा साधारण एका पातळीवर येतात, चेहरा जमिनीकडे असतो. येथवर तो साधा बटरफ्लाय. यानंतर पसरलेले हात छातीशी ओढून नजर डाव्या खांद्यावरून मागे नेली की शरीर लाटण्यासारखे स्वतःभोवती फिरते, चेहरा आकाशाकडे जाऊन परत जमिनीकडे येतो आणि उजवा पाय प्रथम जमिनीस लागतो.

यासाठी उपलब्ध वेळ किती? उडताना आणि उतरताना शरीराचा गुरुत्वमध्य एकाच पातळीवर असतो आणि मध्ये तो ३० सेंटिमीटर वर जातो असे मानल्यास हवेतील काळ सुमारे ०.५ सेकंद येतो. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटरच वर गेला तर हा काळ ०.४ सेकंदावर येतो. या अर्ध्या सेकंदाचा आरंभीचा भाग आडवे होण्यात आणि शेवटचा भाग उतरण्यासाठी पाय उघडण्यात जातो. अर्धा सेकंद पूर्ण हाती आहे असे धरले तरी ३६० अंशांसाठी सेकंदाला दोन गिरक्या एवढा वेग लागतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतो. दृश्य संकेत दिसल्यापासून जाणीवपूर्वक प्रतिक्रिया होईपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. याचा अर्थ, हवेत काही बिघडल्याचे लक्षात येऊन ते सुधारावे एवढा अवकाश विद्यार्थ्याजवळ जवळजवळ नसतो. उडी जमीन सोडण्यापूर्वीच ठरलेली असते.

पायाचा जमिनीशी संबंध सुटल्यानंतर शरीराचा एकूण कोनीय संवेग बदलत नाही. मात्र जडत्व आघूर्ण बदलता येते. हात दोन्ही बाजूंना पसरले असता शरीराच्या उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण जेवढे असते, त्याच्या सुमारे निम्मे ते हात छातीशी घट्ट घेतल्यावर उरते आणि त्याच प्रमाणात फिरण्याचा वेग वाढतो. उलट, ताठ शरीराचे कोलांटीच्या, म्हणजे आडव्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण पिळाच्या अक्षाच्या साधारण दहापट असते. पीळ जलद होतो आणि कोलांटी सावकाश होते, याचे कारण हेच. उतरण्यापूर्वी हात पुन्हा उघडणे म्हणजे या प्रक्रियेला लावलेला ब्रेक होय. जो विद्यार्थी हात शेवटपर्यंत मिटलेले ठेवतो तो फिरत्या शरीरानिशी जमिनीवर येतो. गुडघ्याच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट अवस्था आहे.

पीळ जमिनीवरूनच आणावा लागतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. ती अर्धसत्य आहे. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पाठीवर सोडलेल्या मांजराची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली. मांजर हवेतच वळून पायांवर उतरते, हे तीत दिसले. १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी या वळणाचे गणिती स्पष्टीकरण मांडले : आरंभी कोनीय संवेग शून्य असतानाही शरीराचे भाग एकमेकांच्या सापेक्ष हलवून दिशा बदलता येते. पुढे यीडन यांनी १९९३ मधील आपल्या शोधनिबंधांत जिम्नॅस्टिक्समधील व सूरमारीतील पिळांचे विश्लेषण करून जमिनीच्या संपर्कात असताना मिळालेला पीळ आणि हातांच्या असमान हालचालीमुळे शरीर कलून हवेत उत्पन्न झालेला पीळ यांतील भेद स्पष्ट केला.

अध्यापनाच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व मोठे आहे. जमिनीवरून सगळाच पीळ मिळवू पाहणारा विद्यार्थी डावा पाय रेटण्याआधीच खांदे वळवितो. रेट्याची दिशा बिघडते, उंची घटते, शरीर आडवे होण्यापूर्वीच फिरू लागते. परिणामी तो तिरपा, अर्ध्याच पिळात आणि वाकड्या पायावर उतरतो. पहिल्यांदा उडी शिकणाऱ्यांत हा दोष इतका सर्रास आढळतो की त्याला दोष न म्हणता स्वाभाविक प्रवृत्ती म्हणावे. गिरकी हवी असते, म्हणून मन आधी गिरकीकडे धावते. शिक्षकाचे काम ही धाव रोखण्याचे आहे : आधी झोक, मग रेटा, मग आडवेपणा आणि त्यानंतरच पीळ.

दिशाभान आणि त्याचा लोप

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोक्याच्या फिरण्याच्या वेगात होणारा बदल त्या टिपतात. त्यांच्याजवळच असलेल्या सूक्ष्म खड्यांच्या इंद्रियामुळे गुरुत्वाची दिशा, म्हणजे 'खाली' कोणते, हे कळते. उडीत मात्र शरीर मुक्तपणे पडत असते. त्या अवस्थेत या खड्यांना गुरुत्वाचा ताण जाणवत नाही आणि 'खाली' कोठे आहे ही खबर मेंदूला त्यांच्याकडून मिळेनाशी होते. उरतात नलिका, डोळे आणि सरावाने बांधलेली स्मृती. वेगाने फिरणाऱ्या डोक्यातील डोळ्यांना एका बिंदूवर स्थिर राहता येत नाही. दृश्य पुसट होते. त्यामुळे नवशिक्याला पिळाच्या मध्यावर काहीच दिसत नाही, असा अनुभव येतो. पुष्कळजण त्या वेळी डोळेच मिटतात.

येथे मल्लखांबाची तुलना उद्बोधक ठरते. मल्लखांबावरील फिरकीत खेळाडू खांबाभोवती फिरतो. पण त्याचे अंग खांबाशी लागलेले असते. अक्ष कोठे आहे हे त्वचेलाच ठाऊक असते. हवेतील पिळात असा खांब नाही. तो विद्यार्थ्याला स्वतःच्या शरीरातच उभारावा लागतो. पोट व कुल्ले आवळून, पाय जुळवून, डोक्यापासून टाचेपर्यंत एक ताठ रेषा राखणे हा तो खांब. मल्लखांबाचा सराव असलेली मुले पिळाच्या उडीत लवकर तयार होतात, असे क्रीडाशिक्षकांकडून ऐकू येते. ते खरे असल्यास त्याचे कारण दंडाच्या ताकदीपेक्षा शरीर आवळून धरण्याच्या या सवयीत शोधावे लागेल.

दिशाभान हा केवळ नवशिक्यांचा प्रश्न नाही. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत सिमोन बाइल्स या अमेरिकी खेळाडूने व्हॉल्टवर अडीच पीळ योजले होते. प्रत्यक्षात दीडच झाला आणि ती कशीबशी उतरली. हवेत आपण कोठे आहोत हे आपल्याला कळेनासे झाले आहे, हे ओळखून तिने उरलेल्या सांघिक स्पर्धेतून आणि नंतर एकामागून एक बहुतेक वैयक्तिक फेऱ्यांतून माघार घेतली. जिम्नॅस्टिक्सच्या बोलीत या अवस्थेला 'ट्विस्टीज' असे नाव आहे. ३ ऑगस्ट रोजी ती बॅलन्स बीमच्या अंतिम फेरीत उतरली, तेव्हा तिने शेवटच्या उडीतून पीळ काढून टाकला होता. तिला कांस्यपदक मिळाले. जगातील अग्रगण्य खेळाडूने दिशाभान हरपल्यावर केलेला उपाय असा होता : धाडस वाढविले नाही, पीळ वगळला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीच वैयक्तिक सर्वंकष स्पर्धेची सुवर्णपदक विजेती ठरली.

याच्या उलट घटना एलेना मुखिना हिची आहे. ती १९७८ ची सर्वंकष जगज्जेती होती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. पुरेशी विश्रांती न मिळताच ती सरावाला परतली. तिच्या कार्यक्रमात 'थॉमस साल्टो' ही उडी होती. तीत पीळ व कोलांटी एकत्र घेऊन अखेरीस मानेकडून लोळत उतरावे लागे. मॉस्को ऑलिंपिकला काही दिवस उरले असता, ३ जुलै १९८० रोजी मिन्स्क येथील सरावात तिची कोलांटी अपुरी राहिली आणि ती हनुवटीवर आपटली. मान मोडून ती कायमची पंगू झाली व २००६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी वारली. अशा लोळत उतरण्याच्या उड्या पुढे स्त्रियांच्या स्पर्धांतून वगळण्यात आल्या. दुर्बळ झालेला पाय कमी उंची देतो आणि कमी उंची फिरण्यासाठी कमी वेळ देते, हे आपण वर आकड्यांत पाहिलेच आहे. दुखऱ्या पायाने पिळाचा सराव करू देऊ नये, हा नियम या साखळीतूनच निघतो.

शिकण्याचा क्रम

प्रथम बाजू ठरवावी. विद्यार्थ्याला जागच्या जागी उंच उडी मारून एक पूर्ण गिरकी घेण्यास सांगावे. ज्या बाजूस तो न सांगता वळतो ती त्याची बाजू. बटरफ्लाय, पीळ आणि पुढील सर्व उड्या त्याच बाजूने शिकवाव्यात. बाजू बदलत राहिल्यास नलिकांना व स्मृतीला परस्परविरोधी धडे मिळतात. ऐनवेळी शरीराने कोणता धडा पाळावा हे ठरत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु पुढे होणाऱ्या गोंधळाचे बीज पुष्कळदा येथेच असते.

त्यानंतर उतरणे शिकवावे, उडणे नव्हे. ३० सेंटिमीटर उंचीच्या पेटीवरून एका पायावर उतरून, गुडघा आत न झुकू देता, तो पावलाच्या बोटांच्या रेषेत ठेवून तीन सेकंद स्थिर राहणे ही पहिली कसोटी. ज्याला हे जमत नाही त्याला पीळ शिकवू नये. उड्यांच्या खेळांत गुडघ्यातील पुढच्या क्रूसबंधाच्या, म्हणजे 'एसीएल'च्या, दुखापतीचे प्रमाण स्त्रीखेळाडूंत पुरुषांहून अधिक आढळते. तेव्हा विद्यार्थिनींच्या बाबतीत या कसोटीवर अधिक आठवडे घालविणे योग्य ठरेल. त्यांना उडीपासून दूर ठेवणे हा मात्र त्यावरील उपाय नव्हे.

पीळ आणि झोक हे दोन घटक वेगवेगळे शिकवून नंतर जोडावेत. पिळासाठी गादीवर ताठ पडून, हात छातीशी घेऊन, पाय न विलगता लोळणे; मग उभ्याने उडी मारून ३६० अंश फिरून दोन्ही पायांवर, त्याच दिशेला तोंड करून उतरणे; शेवटी तीच गिरकी एका पायावर उतरविणे. झोकासाठी धडाचे अर्धवर्तुळ चालत-चालत, न उडता, वीस-पंचवीस वेळा काढणे आणि नंतर साधा बटरफ्लाय. हा साधा बटरफ्लाय सलग दहा वेळा सारख्याच उंचीचा, छाती व टाचा समपातळीत आणि उतरताना तोल न जाता होईपर्यंत त्यात पीळ मिळवू नये. या टप्प्यावर विद्यार्थी कंटाळतात. मित्राने दुसऱ्याच दिवशी पीळ घेतला, असे सांगतात. घेतलाही असेल. शिक्षकाने येथे ठाम राहावे.

जोडणीचा आरंभ अर्ध्या पिळाने करावा. बटरफ्लाय घेऊन १८० अंश फिरायचे आणि जाड गादीवर पाठीवर पडायचे. हनुवटी छातीशी आणि हात मिटलेले असावेत. पाठीवर पडणे विद्यार्थ्याला अपमानास्पद वाटते. परंतु आडवेपणा साधला की नाही, हे यातूनच निर्विवाद कळते. जो आडवा झालेला नाही तो पाठीवर पडतच नाही, ढुंगणावर किंवा पायांवर येतो. अर्धा पीळ स्थिर झाल्यावर पूर्ण पीळ त्याच गादीवर घ्यावा. मध्येच भान गेले तर हात उघडून गिरकी अर्धवट थांबविण्याचा मोह होतो. त्याऐवजी हात मिटलेले ठेवून गिरकी पुरी करावी आणि वाकलेल्या कोपरांनी, पुढच्या बाजूवर पडावे. सरळ ताणलेला हात जमिनीकडे नेल्यास मनगट वा कोपर जाते.

काही व्यायामशाळांत ३० सेंटिमीटरच्या फळीवरून खालच्या गादीवर पीळ घेण्याचा सराव देतात. तो उपयुक्त आहे. वरच्याच गृहीतानुसार हवेतील काळ ०.५ वरून ०.६ सेकंदावर जातो. नवशिक्याला हा दशांश सेकंद फार मोठा असतो. मात्र उतरतानाची गतिज ऊर्जा त्याच वेळी दुप्पट होते. म्हणून फळी वापरावयाची ती जाड गादीसमोरच आणि पीळ ओळखीचा होताच ती काढून ठेवावी.

जिम्नॅस्टिक्समध्ये शिक्षक हात देऊन विद्यार्थ्याला सावरतो. या उडीत त्याला मर्यादा आहेत, कारण पाय शिक्षकाच्या डोक्याच्या उंचीवरून झाडल्यासारखे फिरतात. साध्या बटरफ्लायच्या वेळी विद्यार्थ्याच्या मागून कमरेला आधार देता येतो. पूर्ण पिळात शिक्षकाने दूर राहून पाहणेच श्रेयस्कर. येथे मोबाईल उपयोगी पडतो. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या संथ चित्रणात अर्ध्या सेकंदाच्या उडीच्या १२० चौकटी मिळतात. डावा पाय जमीन सोडतो त्या चौकटीत खांदे कोठे आहेत, एवढेच विद्यार्थ्याला दाखवावे. चुका कबूल करून घेण्यासाठी याहून चांगला साक्षीदार नाही. ज्या उपकरणाने हा छंद लावला त्यालाच अशा रीतीने शिक्षकाच्या मदतीस घेता येते.

पिळाचा सराव तासाच्या आरंभी, अंग तापल्यानंतर लगेच ठेवावा आणि संख्येची मर्यादा आधीच सांगावी. थकव्याने उंची घटते, हे विद्यार्थ्याला जाणवण्यापूर्वी शिक्षकाला दिसते. 'आता शेवटची एक' म्हणून घेतलेली उडी नाकारण्याचा अधिकार शिक्षकाने स्वतःकडे ठेवावा.

गाद्या

३० सेंटिमीटरवरून पडणाऱ्या शरीराचा जमिनीशी वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. ते ५ सेंटिमीटर अंतरात थांबले तर पायावर येणारे सरासरी बल वजनाच्या सातपट होते. तेच गुडघा व घोटा वाकवून ३० सेंटिमीटरमध्ये थांबविले तर ते दुपटीवर येते. ६० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्यासाठी हा फरक ४२० आणि १२० किलोग्रॅम भारांतील आहे, आणि तोही एका पायावर. वाकणारा गुडघा हीच माणसाची पहिली गादी आहे, असे म्हणता येईल.

महाविद्यालयांच्या जिमखान्यात बहुधा कबड्डीच्या वा ज्युदोच्या गाद्या उपलब्ध असतात. त्या २.५ ते ४ सेंटिमीटर जाडीच्या असून त्यांवर साध्या बटरफ्लायचा आणि लोळण्याचा सराव करता येतो. पीळ शिकण्यास त्या अपुऱ्या आहेत. पडण्याच्या टप्प्यासाठी किमान २० ते ३० सेंटिमीटर जाडीची गादी हवी. ती नसल्यास ॲथलेटिक्स विभागाकडील उंच उडीची गादी पाठीवर पडण्याच्या सरावासाठी मागून घेता येईल. तिच्यासाठी बहुधा नव्या खरेदीची गरज पडत नाही.

परंतु मऊ गादी सर्व प्रसंगी सुरक्षित असते, हा समज घातक आहे. पाय मऊ गादीत रुततो, गादी पावलाला धरून ठेवते आणि वर शरीर अजून फिरत असते. सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून ज्या टप्प्यावर विद्यार्थी पाठीवर वा पोटावर पडतो तेथे मऊ गादी आणि ज्या टप्प्यावर तो पायावर उतरू लागतो तेथे कडक, सपाट पृष्ठभागाची गादी, असा बदल केला पाहिजे. जाड गादीवर कबड्डीची पातळ गादी अंथरून मधली अवस्था साधता येते. दोन गाद्यांमधील फट ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत वाईट जागा. फेसाच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यातही डोक्याकडून पडू नये. मानेच्या गंभीर दुखापती अशा खड्ड्यांतही झालेल्या आहेत. रंगमंचाच्या फरशीवर किंवा काँक्रीटवर ही उडी शिकण्यास पूर्ण मनाई असावी. तेथे ती सादर करण्यास परवानगी द्यावयाची असेल तर विद्यार्थी सपाट, कडक गादीवर ती अनेक आठवडे निर्दोष घेत आहे, हे संबंधित शिक्षकाने स्वतः पाहिलेले असावे.

दुखापत झाल्यास

उतरताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि काही तासांतच सूज आली तर तो क्रूसबंधाचा तुटणे असण्याची दाट शक्यता असते. चोळणे, शेकणे, उद्या पुन्हा उडी मारून पाहणे हे सर्व टाळून अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मानेवर वा डोक्यावर पडलेल्या विद्यार्थ्याला मान दुखणे, हातापायांना मुंग्या येणे किंवा बोटे न हलणे यांपैकी काहीही जाणवत असेल तर त्याला उचलून बसवू नये. मित्र घाईने हातपाय धरून उचलू पाहतात. त्यांना थांबविणे हे हजर असलेल्या अध्यापकाचे पहिले काम. डोके व मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे क्रीडाशिक्षकांना ठाऊक असते. स्नेहसंमेलनाच्या तालमीला बसणाऱ्या इतर अध्यापकांनाही ते सत्राच्या आरंभी एकदा सांगून ठेवावे.

बटरफ्लाय ट्विस्ट साधल्यावर विद्यार्थी पुढच्या उड्यांकडे वळतो. दुहेरी पीळ याच मांडणीचा विस्तार आहे, मात्र त्यास अधिक उंची लागते. साध्या पिळातील उंची वाढल्याशिवाय त्याची परवानगी देऊ नये. कॉर्क किंवा बॅक फुल यांकडे जाताना मांडणीच बदलते, कारण तेथे डोके खाली येते. त्यासाठी पीळ नसलेली मागची कोलांटी स्वतंत्रपणे आणि पट्ट्याच्या आधाराने आधी पक्की करावी लागते. दोन कड्यांचा, आतले कडे शरीराबरोबर फिरू देणारा पट्टा आणि तो धरणारा अनुभवी प्रशिक्षक या दोन्ही गोष्टी बहुतेक महाविद्यालयांत नसतात. अशा विद्यार्थ्याला जवळच्या जिम्नॅस्टिक्स केंद्राकडे पाठवावे आणि तेथून प्रशिक्षकाचा लेखी अभिप्राय येईपर्यंत महाविद्यालयाच्या जागेत ती उडी घेऊ देऊ नये.